आठ जणांची मीटिंग रूम नव्याने उभी करताना: कोणते काम आधी, कोणते नंतर

मीटिंग रूम सुधारायचे ठरले की सगळ्यात आधी स्क्रीनचे कोटेशन मागवले जाते. मोठा पडदा लागतो, त्याखाली कॅमेरा बसतो आणि पहिल्याच कॉलला पलीकडून ऐकू येते, "आवाज घुमतोय, जरा जवळ येऊन बोलता का?" यात यंत्राचा दोष क्वचितच असतो. दोन भिंती काचेच्या, खाली गुळगुळीत टाइल, वर पीओपी आणि मध्ये काचेचे टेबल असले, तर महागातला मायक्रोफोनही काही करू शकत नाही. म्हणून इथे क्रम मुद्दाम उलटा ठेवला आहे. आधी खोली, मग हवा, वीज आणि वायरिंग, त्यानंतर फर्निचर आणि प्रकाश. यंत्रे सगळ्यात शेवटी. पैसे कमी पडले तर यादीच्या शेवटून काटछाट करा. लहान स्क्रीन पुढच्या वर्षी बदलता येते, पण फॉल्स सीलिंग पुन्हा उघडायला कुणीच तयार नसते.

मापे ठोस असावीत म्हणून १६ फूट लांब, १२ फूट रुंद आणि ९ फूट उंच अशी आठ जणांची खोली धरली आहे. बाणेर-हिंजवडीच्या आयटी इमारतींत आणि चाकण किंवा अंबडच्या कारखान्यांच्या ऑफिसातही साधारण याच मापाच्या खोल्या असतात.

पहिले काम: अर्ध्या दिवसाची पाहणी

खोली रिकामी करून मधोमध उभे राहा आणि एकदा जोरात टाळी वाजवा. पाठोपाठ झणझण ऐकू आली तर समोरासमोरच्या कडक भिंतींमध्ये आवाज ये-जा करतो आहे. मग स्क्रीन लागणार त्या भिंतीपाशी फोन रेकॉर्डिंगला ठेवा, सर्वांत लांबच्या खुर्चीवरून नेहमीच्या आवाजात दोन मिनिटे बोला आणि ते इअरफोन लावून ऐका. पलीकडच्या माणसाला साधारण असेच ऐकू जाते.

त्यानंतर शिडी घेऊन फॉल्स सीलिंगची एक टाइल उचला आणि पार्टिशन वरच्या स्लॅबपर्यंत गेले आहे का ते पाहा. बऱ्याच ऑफिसांत ते सीलिंगपाशीच थांबते, आणि पगारवाढीची चर्चा सीलिंगवरच्या पोकळीतून शेजारच्या केबिनमध्ये जशीच्या तशी पोहोचते. खिडकी कोणत्या दिशेला आहे, एसीचा झोत कुठे पडतो, जवळचा डीबी (वीज वाटणारी पेटी) आणि नेटवर्क रॅक किती अंतरावर आहे, हेही नकाशावर मांडून घ्या. सॉकेटवर मल्टिमीटर लावून न्यूट्रल आणि अर्थमधला दाब मोजा. तो ३ व्होल्टच्या वर दिसला तर आधी अर्थिंग नीट करून घ्या.

दुसरे काम: आवाज. सगळ्यात जास्त लक्ष इथे द्या

बोलणे थांबल्यावर खोलीत आवाज किती वेळ रेंगाळतो, त्याला घुमण्याचा वेळ म्हणू. मीटिंग रूमसाठी तो ०.४ ते ०.६ सेकंद हवा. हिशेब सोपा आहे: खोलीचे घनमीटर गुणिले ०.१६१, भागिले खोलीतले एकूण शोषण. आपल्या खोलीचे आकारमान सुमारे ४९ घनमीटर आहे. अर्धा सेकंद गाठायचा तर आवाज पूर्ण शोषणाऱ्या साधारण १६ चौरस मीटर पृष्ठभागाइतके शोषण लागते. टाइल, काच, प्लास्टर आणि पीओपी अशा उघड्या खोलीत ते जेमतेम ४ भरते, म्हणजे रिकाम्या खोलीत आवाज कागदावर पावणेदोन-दोन सेकंद घुमतो.

ही तूट भरून काढायला सीलिंगइतका स्वस्त आणि परिणामकारक उपाय नाही. पीओपी काढून २ बाय २ फुटांची मिनरल फायबर ग्रिड सीलिंग टाका. टाइलच्या माहितीपत्रकावर एनआरसी, म्हणजे आवाज किती शोषला जातो ते सांगणारा आकडा, ०.६० किंवा त्याहून जास्त असायला हवा. फसगत नेमकी इथेच होते. पीव्हीसी चिकटवलेली जिप्सम टाइल त्याच मापाची, तशीच पांढरी आणि त्याच ग्रिडमध्ये बसणारी असते, पण आवाज शोषण्यात जवळपास निरुपयोगी. ऑर्डरमध्ये नुसते 'ग्रिड सीलिंग' लिहिलेत तर ठेकेदार तीच आणतो. सुमारे १८ चौरस मीटरची खरी मिनरल फायबर सीलिंग एकटी १० ते ११ चौरस मीटर शोषण देते. खाली कार्पेट टाइल घातली की आणखी साडेतीन मिळतात. उरलेल्या भिंतींचे थोडे धरले की गणित जमते.

इमारतीचे नियम किंवा वरची एसीची डक्ट यामुळे पीओपी काढता येत नसेल, तर ५० मिलिमीटर जाडीच्या, कापडात मढवलेल्या काचलोकरीच्या (ग्लासवूल) पॅनेलवर भर द्या. २ बाय ४ फुटांची १२ पॅनेल आणि कार्पेट मिळून घुमण्याचा वेळ ०.५५ सेकंदाच्या आसपास येतो. सीलिंग बदलली असली तरी शेजारशेजारच्या दोन भिंतींवर मिळून चार पॅनेल लावाच. समोरासमोरच्या प्रत्येक जोडीतली एक भिंत मऊ झाली की ती झणझण थांबते. बसलेल्या माणसाचे तोंड आणि कान ज्या पट्ट्यात येतात तिथे, म्हणजे जमिनीपासून अडीच ते साडेसहा फुटांच्या दरम्यान, पॅनेल हवीत. शोभेसाठी ती वर छताजवळ नेली तर निम्मा उपयोग जातो.

पॅनेलच्या कापडाची परीक्षा जागेवरच करा. ओठांजवळ धरून फुंकर मारा. हवा आरपार गेली तर कापड चालेल. रेक्झिनमधून हवा जात नाही, त्यामुळे रेक्झिनने मढवलेले सुंदर पॅनेल बोलण्याचा आवाज सरळ परत फेकते. ९ मिलिमीटरचे पॉलिएस्टर पॅनेल भिंतीला थेट चिकटवले तर फक्त तीक्ष्ण आवाज कमी होतात, पुरुषी आवाजाची घुमक तशीच राहते. ते वापरायचेच असेल तर मागे लाकडी पट्ट्या ठोकून २५ ते ५० मिलिमीटर पोकळी ठेवा. अंड्याच्या ट्रेसारखा उघडा फोम मात्र अजिबात लावू नका. तो भराभर पेट घेतो आणि त्याचा धूर जीवघेणा असतो. कोणतेही शोषक साहित्य घेताना अग्निरोधक असल्याचे प्रमाणपत्र मागा.

बाहेर जाणारा आवाज रोखणे हे वेगळे काम आहे, आणि पॅनेलने ते होत नाही. त्यासाठी पार्टिशन स्लॅबला भिडवायचे, दोन्ही बाजूंना १२.५ मिलिमीटर जिप्सम बोर्ड, मधल्या पोकळीत ५० मिलिमीटर काचलोकर, आणि कडेच्या फटी ॲक्रिलिक सीलंटने भरायच्या. सर्वांत मोठे भोक दाराखाली असते. १० मिलिमीटरची फट ठेवून भिंतीवर कितीही खर्च केला तरी बोलणे बाहेर ऐकू जाणारच. दार बंद होताना आपोआप खाली उतरणारे ड्रॉप सील बसवून घ्या.

तिसरे काम: हवा

दुपारच्या मीटिंगमध्ये जांभया येतात, त्याचा दोष जेवणाला दिला जातो. बसलेला माणूस तासाला साधारण १८ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. दारे बंद असलेल्या आपल्या खोलीत आठ जण बसले की त्याचे प्रमाण ताज्या हवेतल्या सुमारे ४२० पीपीएमवरून (दहा लाखांत ४२० भाग) १००० वर जायला १२-१५ मिनिटे पुरतात. स्प्लिट एसी फक्त तीच हवा थंड करून फिरवतो, बाहेरची हवा आत आणत नाही.

माणशी सेकंदाला ७ ते ८ लिटर बाहेरची हवा मिळाली तर पातळी ११०० च्या आसपास स्थिरावते. आठ जणांसाठी हे सुमारे १३० सीएफएम (मिनिटाला घनफूट) होते. ६ इंची इनलाइन फॅन, आत येणाऱ्या हवेला फिल्टर, आणि वापरलेली हवा बाहेर जायला विरुद्ध कोपऱ्यात जाळी, एवढी सोय पुरेशी आहे. फॅन खोलीच्या डोक्यावर नको, पॅसेजच्या सीलिंगमध्ये रबरी माउंटवर टांगा आणि खोलीपर्यंत इन्सुलेटेड फ्लेक्सिबल डक्ट आणा. एसीचा इनडोअर युनिट स्क्रीनच्या वर लावू नका. मायक्रोफोनला सगळ्यात जवळचा वक्ता तोच होऊन बसतो, आणि कधी पाणी ठिबकलेच तर ते स्क्रीनवर. छताचा पंखा असेल तर काढून टाका. त्याची लय पलीकडे सतत धपधप ऐकू येते.

चौथे काम: वीज आणि वायरिंग

स्क्रीन, कॉन्फरन्स यंत्र, छोटा पीसी आणि नेटवर्क स्विच मिळून ३०० ते ३५० वॅट लागतात. यासाठी १ केव्हीए यूपीएस आणि डीबीमधून स्वतंत्र सर्किट ठेवा. टेबलावरचे लॅपटॉपचे सॉकेटही त्याच फेजवर आणि त्याच अर्थिंगवर हवेत. स्क्रीन एका फेजवर आणि टेबल दुसऱ्यावर असेल तर स्पीकरमधून येणारी गुणगुण शोधण्यात आठवडा जातो. पावसाळ्यात वीज जाऊन जनरेटर सुरू होईपर्यंतचे काही सेकंद यूपीएसने सांभाळले नाहीत, तर कॉल तुटतो आणि यंत्र पुन्हा सुरू होईपर्यंत ग्राहक ताटकळत बसतो.

टेबलापासून स्क्रीनपर्यंतचा पाइप ही या कामातली सर्वांत जास्त वेळा होणारी चूक. इलेक्ट्रिशियन सवयीने २५ मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप टाकतो. एचडीएमआयचा प्लगच सुमारे २० मिलिमीटर रुंद असतो, त्यामुळे तो बेंडमध्ये हमखास अडकतो. ४० किंवा ५० मिलिमीटरचा पाइप घ्या, एल्बोऐवजी लांब वळणाचे बेंड वापरा, आणि केबल ओढून झाल्यावरही आत एक नायलॉन दोरी ठेवा. पुढची केबल त्याच दोरीने ओढता येते. पॉवरची वायर या पाइपमध्ये घालू नका. दोन्हींत २०० मिलिमीटर अंतर ठेवा, एकमेकांना ओलांडायचेच असेल तर काटकोनात.

टाइल फोडून झिरी मारायची असेल तर आधी इमारतीच्या व्यवस्थापनाची लेखी परवानगी घ्या. पोस्ट-टेन्शन (आत तारा ताणून बसवलेल्या) स्लॅबमध्ये छिन्नी खोल गेली तर ताणलेल्या तारेला धक्का लागतो, आणि हा धोका किरकोळ नाही. परवानगी मिळाली नाही तर कार्पेटच्या रंगाचा सपाट फ्लोअर रेसवे (केबल झाकणारी पट्टी) टाका.

केबलच्या लांबीचे नियम पक्के लक्षात ठेवा. ४के, ६० हर्ट्झच्या चित्रासाठी साधी तांब्याची एचडीएमआय ५ मीटरपर्यंत भरवशाची. जमिनीखालून गेलात तर आपल्या खोलीत तेवढ्यात जेमतेम भागते. सीलिंगवरून गेलात तर १० मीटर लागतात, मग ऑप्टिकल एचडीएमआय घ्या. तिला दिशा असते. एका टोकावर सोर्स आणि दुसऱ्यावर डिस्प्ले लिहिलेले असते. उलटी ओढली तर चित्र येतच नाही, आणि हे कळते रंगकाम झाल्यावर. म्हणून ओढण्याआधी जमिनीवर पसरून एकदा जोडून पाहा. यूएसबी ३ ची साधी केबल ३ मीटरच्या पुढे दगा देते, त्यापुढे ॲक्टिव्ह (आत सिग्नल वाढवणारी चिप असलेली) केबल हवी. नेटवर्कसाठी स्क्रीनमागे दोन, टेबलाखाली दोन आणि दाराबाहेर बुकिंग पॅनेलसाठी एक अशा पाच कॅट ६ केबल टाका. त्यातल्या दोन आज रिकाम्या राहिल्या तरी चालतील.

स्क्रीनची भिंत जिप्समची असेल तर बोर्ड लावण्याआधीच आत १८ मिलिमीटर प्लाय ठोकून घ्या, ४ फूट रुंद आणि ३ फूट उंच. त्या जागेचा टेपसकट फोटो काढून ठेवा. भोके मारायच्या दिवशी तो लागतोच.

पाचवे काम: टेबल आणि खुर्च्या

टेबल ९ फूट लांब, प्रत्येक बाजूला चार जण, माणशी २७ इंच. टोकाला कुणी नाही. स्क्रीनच्या बाजूला ४ फूट आणि मागे ३ फूट मोकळे राहतात. आकार सरळ आयत न ठेवता स्क्रीनकडे ४ फूट रुंद आणि मागे ३ फूट ३ इंच असा निमुळता करून घ्या. त्यामुळे प्रत्येक माणूस थोडा स्क्रीनकडे वळून बसतो, कॅमेऱ्यात सगळ्यांचे चेहरे येतात आणि मागच्यांना मान वळवावी लागत नाही. सुताराला हे थोडे अवघड जाते, पण करून घ्याच.

वरचा लॅमिनेट फिकट आणि मॅट हवा. काळ्या चकचकीत पृष्ठभागात सीलिंगचे दिवे उमटतात आणि कॅमेरा गोंधळतो. पॉप-अप बॉक्स दोन घ्या, प्रत्येकात दोन ६ अँपियर सॉकेट आणि ६० वॅटचा यूएसबी-सी चार्जर. टेबलाखाली जाळीचा वायर ट्रे लावा, नाहीतर वर्षभरात पायाला अडकून केबल तुटतात.

खुर्ची घेताना हाताची उंची मोजा. टेबलाची खालची बाजू २८ इंचांवर असेल तर हात साडेसव्वीस इंचांच्या खाली हवेत, नाहीतर खुर्ची आत सरकत नाही आणि जाण्यायेण्याची वाट बंद होते. कार्पेट नसेल तर चाके मऊ पॉलियुरेथेनची मागा, कडक नायलॉनची चाके टाइलवर खडखडतात. एका जागेची खुर्ची सहज हलवता यावी आणि तिथे टेबलाखाली आडवी पट्टी नसावी. व्हीलचेअरवरच्या सहकाऱ्याला टेबलाशी सगळ्यांसारखे बसता आले पाहिजे. दाराची मोकळी रुंदी ९०० मिलिमीटर आणि आत वळायला १५०० मिलिमीटरचे वर्तुळ ठेवा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या दृष्टीनेही हा विचार नकाशाच्या टप्प्यावरच व्हायला हवा.

सहावे काम: प्रकाश

टेबलावर ४०० ते ५०० लक्स, रंग ४००० केल्विन. फोकस मारणारे डाउनलाइट थेट डोक्यावर आले तर डोळ्यांखाली काळ्या सावल्या पडतात. पसरट पॅनेल दिवे टेबलाच्या कडेच्या थोडे बाहेर लावा, म्हणजे प्रकाश चेहऱ्यावर समोरून पडतो. स्क्रीनजवळची रांग वेगळ्या स्विचवर घ्या.

स्वस्त एलईडी ड्रायव्हरमुळे (दिव्याला वीज पुरवणारा भाग) व्हिडिओत आडव्या पट्ट्या सरकताना दिसतात. दोन गोष्टी तपासा. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ६० ऐवजी ५० हर्ट्झ निवडलेले असावे, कारण आपली वीज ५० हर्ट्झची आहे. तरीही पट्ट्या राहिल्या तर ड्रायव्हर बदला. खिडकी बसणाऱ्यांच्या पाठीमागे आली तर सगळे सावल्यांसारखे काळे दिसतात, म्हणून स्क्रीनची भिंत ठरवतानाच खिडकी बाजूला येईल असे पाहा आणि तिला रोलर ब्लाइंड लावा.

सातवे काम: आता यंत्रे

स्क्रीनचे माप अंतरावरून ठरते. सर्वांत लांबचा डोळा स्क्रीनपासून सुमारे १२ फुटांवर आहे. साध्या स्लाइड आणि चेहरे पाहायचे असतील तर ते अंतर चित्राच्या उंचीच्या सहापटीच्या आत हवे. ६५ इंची स्क्रीनची उंची ३२ इंच, म्हणजे १६ फुटांपर्यंत चालते. एक्सेलची पाने किंवा यंत्रभागांची ड्रॉइंग रोज उघडत असतील तर चौपटीचा नियम लावा. मग ३६ इंच उंची लागते, म्हणजे ७५ इंची स्क्रीन. घरगुती टीव्ही स्वस्त पडतो, पण ऑफिसात लावल्यावर त्याची वॉरंटी बहुधा लागू होत नाही, आणि सुरू झाल्यावर तो स्वतःचीच पाने दाखवत बसतो. व्यावसायिक डिस्प्ले घ्या.

कॅमेरा बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या रेषेत, जमिनीपासून ४ फुटांच्या आसपास हवा. मोठ्या स्क्रीनच्या वर लावला तर सगळ्यांचे टाळू दिसतात, म्हणून व्हिडिओ बार (कॅमेरा, मायक्रोफोन आणि स्पीकर एकत्र असलेली पट्टी) स्क्रीनच्या खाली बसवा. १२० अंशांच्या जाहिरातीला भुलू नका. इथे ९० अंश पुरतात, आणि कोन जितका रुंद तितका मागचा माणूस बारीक दिसतो.

व्हिडिओ बारमधला मायक्रोफोन आवाज शोषणाऱ्या खोलीत १२ फुटांपर्यंत चांगला ऐकतो. दुसरे काम नीट केले असेल तरच हे खरे. तसे नसेल तर टेबलाच्या मागच्या तिसऱ्या हिश्शात एक जोडमायक्रोफोन ठेवा, खाली रबरी चकती देऊन.

कायमची रूम सिस्टीम घ्यावी की लॅपटॉप जोडून काम भागवावे? कंपनी एकाच मंचावर असेल, समजा सगळे काम मायक्रोसॉफ्ट टीम्सवर, तर टच पॅनेलची रूम सिस्टीम घ्या. माणूस आत येतो, एक बटण दाबतो आणि कॉल सुरू होतो. ग्राहकांनुसार कधी झूम, कधी टीम्स, कधी गूगल मीट लागत असेल तर चित्र, आवाज आणि चार्जिंग एकत्र नेणारी एक यूएसबी-सी केबल जास्त सोयीची. प्रत्येक यूएसबी-सी पोर्टमधून चित्र जातेच असे नाही, त्यामुळे शेजारी एचडीएमआयची जोडणी ठेवावीच लागते. वायरलेस प्रोजेक्शन जादा सोय म्हणून असू द्या. पाहुण्यांच्या वायफायवरून ते बहुतेक वेळा पोहोचत नाही.

आठवे काम: नेटवर्क आणि बुकिंग

यंत्र केबलनेच जोडा. १०८०पी कॉलला दोन्ही दिशांना सुमारे ४ एमबीपीएस पुरतात. अडचण वेगाची कमी आणि फायरवॉलची जास्त असते. टीम्ससाठी यूडीपी ३४७८ ते ३४८१ आणि झूमसाठी ८८०१ ते ८८१० हे पोर्ट उघडे हवेत. ते बंद असले तरी कॉल लागतो, पण टीसीपी या संथ मार्गाने, आणि मग आवाज तुटक येतो. स्विचवर आवाजाला डीएससीपी (डेटाचा अग्रक्रम सांगणारा क्रमांक) ४६ आणि चित्राला ३४ असा अग्रक्रम द्या.

खोलीला स्वतःचे कॅलेंडर खाते काढा. विनंती आपोआप स्वीकारली जावी, आणि दहा मिनिटांत कुणी हजेरी लावली नाही तर खोली मोकळी व्हावी. रिकाम्या पडलेल्या आरक्षित खोल्यांची तक्रार यानेच कमी होते.

नववे काम: ताब्यात घेण्याआधीची चाचणी

रंग, सुतारकाम आणि धूळ पूर्ण संपेपर्यंत यंत्रांची खोकी उघडू नका. जिप्समची पूड पंख्यात गेली तर वॉरंटीचा वाद सुरू होतो.

चाचणीसाठी एक माणूस मोबाइल डेटा आणि इअरफोन घेऊन इमारतीबाहेर जाऊ दे. एसी पूर्ण वेगावर ठेवून आठही खुर्च्यांवरून एकच परिच्छेद वाचा आणि कॉल रेकॉर्ड करा. मग दोन्ही बाजूंनी एकाच वेळी बोला. एखादा आवाज गिळला जात असेल तर प्रतिध्वनी काढणारी यंत्रणा नीट बसलेली नाही. बहुतेकदा कारण साधे असते. खोलीतल्या कुणीतरी स्वतःच्या लॅपटॉपवरूनही कॉल घेतलेला असतो आणि त्याचा स्पीकर चालू असतो. कॉल चालू असतानाच मुख्य वीज बंद करून यूपीएस पाहा. ऑफिसातला सर्वांत जुना विंडोज लॅपटॉप आणि एक मॅक जोडा. स्क्रीन झोपली असताना केबल लावल्यावर ती आपोआप जागी होते का, तेही बघा. होत नसेल तर एचडीएमआय सीईसी (केबलवरून स्क्रीन जागी करणारी सोय) चालू करून इको मोड बंद करा.

शेवटी यंत्राचा टाइम झोन तपासा. रात्री दोनला आपोआप अपडेट होणारे यंत्र अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याच्या वेळेवर राहिले असेल, तर आपल्याकडे ते दुपारी अडीच-साडेतीनला, ऐन मीटिंगमध्ये बंद होऊन पुन्हा सुरू होते. टेबलाच्या ड्रॉवरमध्ये एक जादा यूएसबी-सी केबल, एक एचडीएमआय आणि पाइपच्या मार्गाचा छापील नकाशा ठेवा. ताज्या हवेचा फिल्टर दर तीन महिन्यांनी साफ करायची तारीख खोलीच्याच कॅलेंडरमध्ये टाका. त्या दिवशी खोली आपोआप राखून ठेवली जाते आणि फिल्टर साफ करायचा राहत नाही.